खापराचा पत्ता

इतिहासाची आवड असलेली चार माणसं एकत्र आली आणि मंडळ काढायचं ठरलं, की पहिल्या-दुसऱ्या बैठकीतच खोदकामाचा विषय निघतो. गावाबाहेर एखादं टेकाड असतं, पडकी गढी असते, ओढ्याकाठी अर्ध्या गाडल्या गेलेल्या मूर्ती असतात. तिथं चार हात खणलं तर काहीतरी हाती लागेल, असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत असं मंडळ काढू पाहणाऱ्यांना या लेखातून एकच गोष्ट पटवायची आहे: तुमच्या मंडळानं कुदळ हातात घेऊ नये. वही, टेप, मोबाइलचा कॅमेरा आणि पायपीट एवढ्या भांडवलावर या भागाच्या प्राचीन इतिहासात जी भर पडू शकते, ती हौशी खोदकामानं कधीच पडणार नाही. उलट त्यानं नुकसान होईल आणि ते पुन्हा भरून काढता येणार नाही. हा सल्ला केवळ कायद्याच्या धाकापोटी दिलेला नाही. परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही हे खरंच आहे, पण उद्या परवाना मिळाला तरी हौशी मंडळाला हाच सल्ला द्यावा लागेल.

आधी आपल्या अंगणात काय आहे ते पाहू. कऱ्हा आणि नीरा जिथं मिळतात त्या सोनगावला १९६५ साली डेक्कन कॉलेजच्या शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केलं आणि १९६९ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. ताम्रपाषाणयुगातली, म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती तिथं सापडली. कऱ्हेवरच थोडं वर मोरगाव आहे. मयूरेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्या लाखो माणसांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल, की याच गावाजवळ नदीच्या जुन्या गाळात आदिमानवाची दगडी हत्यारं आणि ज्वालामुखीच्या राखेचा थर अभ्यासकांनी नोंदवला आहे. ही राख सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीच्या ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की त्याहून कितीतरी जुनी, यावर अजून वाद आहे. तो मिटला तर दख्खनमधल्या माणसाच्या प्राचीनतेविषयीचं बरंच काही नव्यानं लिहावं लागेल. लोणी भापकरला मल्लिकार्जुनाचं मंदिर, पुष्करणी आणि यज्ञवराहाची मूर्ती आहे. इंदापुरात मालोजीराजे भोसल्यांच्या नावाशी जोडलेली गढी आहे, नीरा-भीमेच्या संगमावर नरसिंहपूर आहे आणि उजनीच्या पाण्यात गेलेलं पळसनाथाचं मंदिर आहे. लाखभर वर्षांचा हा पसारा दोन तालुक्यांत आहे आणि त्यातल्या बहुतेक गावांचं शिवार अभ्यासकानं पायी पालथं घातलेलं नाही.

आता मुद्द्याकडे येऊ. वस्तूपेक्षा तिची जागा जास्त बोलते, हे दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला १९७४ साली झाडाची मुळं खणताना एका शेतकऱ्याला चार धातूच्या वस्तू मिळाल्या: बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारींचं मिळून वजन ६० किलोहून जास्त. भारतीय पुरातत्त्वातल्या सर्वांत देखण्या वस्तूंमध्ये त्यांची गणना होते. पण त्या नेमक्या कोणत्या थरात पडल्या होत्या, शेजारी कोणती खापरं होती, हे बघणारं त्या वेळी तिथं कुणी नव्हतं. पुढं तिथं रीतसर उत्खनन झालं आणि उत्तर-हडप्पा काळाचे थर मिळाले, तरीही त्या वस्तूंच्या काळाबद्दल विद्वानांचं एकमत झालेलं नाही. त्या शेतकऱ्याचा यात काहीच दोष नाही. त्यानं जाणूनबुजून काही बिघडवलं नाही. मंडळानं मात्र जाणूनबुजून तसंच खणलं तर त्याला ही सबब मिळणार नाही.

याउलट शिरूर तालुक्यातलं घोड नदीकाठचं इनामगाव बघा. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांच्या चमूनं तिथं काम केलं. डोळे दिपतील अशा वस्तू फारशा निघाल्या नाहीत. निघाली ती शंभरहून जास्त घरं, चुली, धान्याचे कणगे, जळालेले सातूचे दाणे, घराच्याच जमिनीत पुरलेली माणसं. मोठ्या माणसांना पुरताना पावलं तोडलेली आढळली, लहान मुलांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत ठेवलेलं आढळलं. आधीच्या काळातली चौकोनी, ऐसपैस घरं इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास जाऊन त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, हेही दिसलं. पाऊसमान घटलं, शेती रोडावली आणि शिकारीवरचा भर वाढला, असा अर्थ ढवळीकरांनी त्यातून लावला. त्यावर मतभेद असू शकतात. पण मतभेद व्हायला तरी पुरावा हवा आणि तो पुरावा ‘वरच्या थरात गोल, खालच्या थरात चौकोनी’ एवढ्या एका नोंदीवर उभा आहे. मडक्यांसाठी खड्डा मारणाऱ्याला ते सगळं एकाच ढिगात मिळालं असतं. मडकी मिळाली असती आणि तीन हजार वर्षांपूर्वीचा दुष्काळ हातचा गेला असता.

यावर लगेच प्रश्न येईल, की खणायचं नाही तर मग दिसणार काय? खरं म्हणजे बारामती-इंदापुरात जमीन रोज खणली जाते. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. त्याच्या पाण्यावर ऊस आला, उसानं कारखाने आणले आणि शेताचा उंच-सखलपणा परवडेनासा झाला. पूर्वी बैलाच्या नांगरानं जे टेकाड शंभर वर्षांत हातभर झिजायचं, ते आता जेसीबी आणि पोकलेन एका आठवड्यात सपाट करतात. जुन्या वस्तीची पांढरी माती पिढ्यान्‌पिढ्या धाब्याच्या छतासाठी आणि शेतात टाकायला नेली गेली, त्यातही पुष्कळ टेकाडं खचली. प्राचीन माणसाला जी जागा आवडली तीच आपल्यालाही आवडते: नदीजवळ, पण पुराच्या रेषेच्या वर, पाठीशी काळी जमीन. म्हणून सर्वांत जुन्या वस्त्या नेमक्या बागायती पट्ट्यात आहेत आणि सर्वांत आधी त्याच जाताहेत. मंडळाचं काम या खोदकामाच्या मागोमाग जाण्याचं आहे. नवं शेततळं झालं, विहीर पाडली, वीटभट्टीसाठी नदीकाठची माती उचलली, ओढ्याचा काठ पावसानं कोसळला, की तिथं जमिनीचा उभा छेद आयता उघडा पडतो. त्या भिंतीत राखेचा पट्टा, खापरांची ओळ, जळक्या मातीचा तुकडा किंवा दगडाची कडा दिसते का, ते पाहायचं. तळ्याला प्लॅस्टिकचा कागद अंथरला जाईपर्यंत हाती दोन-चार दिवस असतात. शेताच्या मालकाला विचारून तेवढ्यात फोटो आणि मापं घेतली, तर सरकारी चमू वर्षभर फिरूनही जे पाहू शकला नसता ते तुमच्या वहीत आलेलं असेल.

शोधाची सुरुवात मात्र घरात बसून करावी. पुणे जिल्ह्याचं १८८५ चं गॅझेटियर, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची १९५३-५४ पासूनची वार्षिक अहवालमाला, सोनगावचा अहवाल, डेक्कन कॉलेजचं ग्रंथालय, एवढं चाळल्याशिवाय बाहेर पडू नये, नाहीतर साठ वर्षांपूर्वी नोंदलेलीच जागा ‘नव्यानं सापडली’ म्हणून वर्तमानपत्रात छापून येते आणि मंडळाची पत जाते. मग गावातल्या जुन्या माणसांकडे जावं. कोतवालाच्या घरात, मेंढपाळांच्या वाड्यावर शिवारातल्या प्रत्येक तुकड्याचं नाव माहीत असतं. रीठ, म्हणजे ओसाड पडलेलं जुनं गाव, कुठं होतं, गावठाण पूर्वी कुठं होतं, कोणत्या मळ्यात नांगराला खापरं लागतात, हे सातबाऱ्यावर लिहिलेलं नसतं.

जागेवर पोचल्यावर काय करायचं ते एका खापरावरून सांगतो. नांगरटीनंतर पहिला पाऊस पडून गेला, की ढेकळांवरची धूळ धुऊन जाते आणि खापरं चमकायला लागतात. पाहणीला याहून चांगले दिवस नाहीत. समजा, तळहाताएवढा तुकडा दिसला: तांबूस-नारिंगी रंग, अंगावर काळ्या रेघा, कडा पातळ, नखानं टिचकी मारली तर खणखणीत आवाज. तो जोर्वे संस्कृतीचा असण्याची शक्यता आहे. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये झालेल्या उत्खननावरून ते नाव पडलं. याच घडणीच्या काही भांड्यांना बाजूनं तोटी असते, म्हणून तोटीचा तुकडा मिळाला तर शंका आणखी कमी होते. अशा वेळी तो उचलून खिशात घालायचा मोह आवरावा. आधी तो होता तिथंच ठेवून शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्यावा, मोबाइलवरून अक्षांश-रेखांश टिपावेत, गट क्रमांक, शेताच्या मालकाचं नाव, तारीख, मातीचा रंग, उभं पीक, नदीपासूनचं अंतर लिहावं. मग पाच मीटर लांब-रुंद चौकोन आखून त्यात किती खापरं आहेत ते मोजावं, आणि टेकाडाच्या माथ्यावर, उतारावर आणि पायथ्याशी हेच पुन्हा करावं. वस्ती केवढी होती आणि पाण्यानं कोणता भाग वाहून गेला, याचा अंदाज या आकड्यांवरून बांधता येतो. देखण्या नक्षीचे तुकडे तेवढे मोजायचे आणि साधी जाडीभरडी खापरं सोडायची, ही चूक सगळीकडे होते. रोजचा स्वयंपाक त्या जाड्याभरड्या भांड्यांतच होत होता. गारगोटीची बारीक पाती, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मणी, जळालेली हाडं यांची वेगवेगळी मोजदाद ठेवावी. जिथं काहीच सापडलं नाही त्या शिवाराचीही नोंद करावी. ‘इथं पाहिलं, काही नाही’ हे वाक्य पुढच्या अभ्यासकाचे दिवस वाचवतं.

दगडी अवशेषांचं काम याहून सोपं आणि तेवढंच तातडीचं आहे. पारावर, मारुतीच्या देवळामागं, वेशीजवळ वीरगळ, म्हणजे पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, उभे असतात. तळाच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, त्यावर त्याला वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा, असा साधारण क्रम असतो. तळाशी गाई कोरल्या असतील तर तो गोधन राखताना पडलेला माणूस असण्याचा संभव मोठा. या तालुक्यांतल्या मेंढरं-गुरांवर जगणाऱ्या जिरायत पट्ट्यात अशा चौकटी किती आणि कोणत्या गावांत आहेत, याची नुसती यादी झाली तरी मध्ययुगातल्या इथल्या जगण्याविषयी ताम्रपटांपेक्षा वेगळी माहिती मिळेल. प्रत्येक दगडाची उंची, रुंदी, जाडी, तोंड कोणत्या दिशेला, कोणत्या चौकटीत काय, हे लिहावं. फोटो भर दुपारी काढू नयेत. सकाळी किंवा सांजेच्या तिरप्या उन्हात झिजलेलं कामही उठून दिसतं. अक्षरं दिसली तर त्यांत खडू, पीठ, रांगोळी भरू नये. तारेचा ब्रश, ॲसिड, ऑइलपेंट यांपासून दगडाला कटाक्षानं दूर ठेवावं. जीर्णोद्धाराच्या उत्साहात आपल्या गावांनी ऑइलपेंटखाली जेवढे लेख आणि जेवढं कोरीवकाम गाडलं, तेवढं आक्रमणांच्या नावावरही सहज मांडता येणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. वीरगळ हलवून बागेत ओळीनं मांडण्याची हौसही आवरावी. रस्त्याच्या कामात हलवावाच लागला तर मूळ जागेची नोंद आधी व्हावी.

हे तज्ज्ञांचं काम आहे, हौशी माणसांनी त्यात पडू नये, असा दुसरा आक्षेप असतो. अर्थ लावणं तज्ज्ञांचं काम, हे मान्य. पण पाहणं आणि टिपणं हे महाराष्ट्रात पूर्वीपासून विद्यापीठाबाहेरच्या माणसांनी केलं आहे. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी गावोगाव फिरून कागद जमवले आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. दामोदर कोसंबी पेशानं गणिती. त्यांनी पुण्याच्या परिसरात पायी फिरून सूक्ष्मास्त्रं, म्हणजे गारगोटीची बारीक पाती, गोळा केली, म्हसोबा-जाखाईची ठाणी पाहिली आणि पशुपालकांच्या प्राचीन वाटांचा पंढरपूरच्या वारीशी असलेला संबंध तपासला. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी आपल्याच दोन तालुक्यांतून जाते. या वाटेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या माळांवर गारगोटीची पाती कुठं मिळतात, एवढी एक पाहणी नीट झाली तरी कोसंबींच्या विचाराची स्थानिक कसोटी होईल. मर्यादा पाळण्याचं भान मात्र हवं. हौशी नोंदींत दोन दोष हटकून येतात. दगडी आणि बिनचुन्याचं दिसलं की ‘हेमाडपंती’ लिहिलं जातं. ज्याच्यावरून हे नाव पडलं तो हेमाद्री तेराव्या शतकातला, यादवांचा प्रधान, आणि अशी बांधणी त्याच्या आधीपासूनची आहे. तेव्हा ‘बिनचुन्याची दगडी बांधणी, खांब असे, छत असं’ एवढंच लिहावं आणि काळ ठरवणं तज्ज्ञांवर सोडावं. दुसरा दोष म्हणजे सापडलेल्या खापराला लगेच आपल्या जातीचा, घराण्याचा किंवा पांडवांचा पूर्वज चिकटवणं. गावातली दंतकथा अवश्य टिपावी, कुणी सांगितली तेही लिहावं, पण वेगळ्या पानावर.

सर्वांत अवघड आक्षेप शेतकऱ्याचा असतो आणि तो हसण्यावारी नेऊ नये. ‘तुम्ही इथं काही लिहून नेलंत तर सरकार माझी जमीन घेईल.’ उसाचं एकरभर रान म्हणजे त्याचं घर चालवणारी मिळकत आहे. त्याला खरं ते सांगावं. मंडळाच्या वहीत नाव आल्यानं कोणतीही जमीन संरक्षित होत नाही. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना निघावी लागते आणि १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार हरकतींसाठी दोन महिन्यांची मुदत द्यावी लागते. संरक्षित क्षेत्रातही एक फुटापेक्षा खोल न जाणाऱ्या मशागतीला तो कायदा आडकाठी करत नाही. बांधकामावर मात्र कडक बंधनं येतात, हेही लपवू नये. अर्धं सत्य सांगून मिळवलेली परवानगी पुढच्या दहा शेतांची दारं बंद करते. मालकानं नको म्हटलं तर निमूट परत यावं आणि बांधावरून दिसलं तेवढंच, त्याच्या संमतीनं, लिहावं.

मग गुप्तधनाची भीती उरते. एखाद्या टेकाडाची बातमी झाली की अमावास्येला खड्डे पडतात, मूर्ती चोरीला जातात, हे खरं आहे. म्हणून नेमकी जागा समाजमाध्यमांवर कधीच टाकू नये. फोटोतल्या अक्षांश-रेखांशांची माहिती काढून मगच तो कुणाला पाठवावा. गावात पहिल्याच दिवशी, ग्रामपंचायतीत आणि पोलीस पाटलांसमोर, आपण धन शोधत नाही हे जाहीर करावं. मेटल डिटेक्टर तर मंडळाच्या सामानात असूच नये. इंग्लंड-वेल्समध्ये १९९७ पासून अशा यंत्रवाल्यांकडून वस्तूंच्या नोंदी घेण्याची सरकारी योजना आहे आणि तिच्यात दहा लाखांहून जास्त वस्तू नोंदल्या गेल्या, हा दाखला कुणीतरी हमखास देतं. पण तिथं त्यामागं जिल्ह्या-जिल्ह्यात नेमलेले अधिकारी आहेत. आपल्याकडे ती यंत्रणा नाही, तेव्हा यंत्र फक्त खड्डे वाढवील. नाणी, दागिने, धातूच्या वस्तू कुणाला मिळाल्याच, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. तहसीलदारांमार्फत ते करायला त्या माणसाला मदत करावी, अर्ज लिहून द्यावा, सोबत जावं. मूर्ती व इतर पुरावस्तूंच्या नोंदणीसाठी आणि व्यापारावरच्या निर्बंधांसाठी १९७२ चा कायदा आहे. मंडळानं स्वतःचा संग्रह करू नये, कितीही मोह झाला तरी. गावात संग्रहालय असावं ही इच्छा रास्त आहे, पण ते राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाच्या संमतीनं आणि नोंदवही तयार झाल्यानंतर.

मंडळाची नोंदणी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली होते, सात सभासद पुरतात. त्यांत एक तलाठ्याच्या नकाशांची जाण असलेला, एक फोटो काढणारा, एक शाळेतला शिक्षक आणि निदान दोन शेतकरी असावेत. बायका सभासद हव्यातच. खुरपणी त्याच करतात आणि शेतात खापर कुठं लागतं हे त्यांना सर्वांत आधी कळतं. पहिल्या वर्षी दोन तालुके हाती घेऊ नयेत. सोनगावपासून कऱ्हेच्या काठानं वर, किंवा नीरेच्या एका काठानं चार-पाच गावांचं शिवार पुरे. जूनच्या पहिल्या पावसानंतर नांगरट झालेली रानं, ऊस तुटल्यावर मोकळी झालेली रानं, आणि एप्रिल-मेमध्ये उजनीचं पाणी ओसरल्यावर उघडा पडणारा भीमेचा काठ, असं वर्ष आखता येतं. पळसदेव, भिगवण, कुंभारगाव या बाजूला पाणी मागं जातं तेव्हा बुडालेल्या गावठाणांचे चौथरे, बारवा, देवळांचे पाये दिसू लागतात. पळसनाथाच्या देवळाचे फोटो सगळेच काढतात. त्याच्या आजूबाजूच्या गाळात लाटांनी धुऊन काढलेल्या खापरांची मोजदाद करायला मात्र कुणी जात नाही. गाळ वरून वाळलेला दिसला तरी आत ओला असतो, तेव्हा तिथल्या मच्छीमारांना सोबत घेतल्याशिवाय पाऊल टाकू नये. वर्षाच्या शेवटी नोंदवहीच्या प्रती काढाव्यात: एक ग्रामपंचायतीला, एक डेक्कन कॉलेजला, एक राज्य पुरातत्त्व विभागाच्या पुण्यातल्या कार्यालयाला, एक भारत इतिहास संशोधक मंडळाला. पोच मागून घ्यावी आणि ती वहीला लावावी, कारण पाच वर्षांनी एखादं टेकाड सपाट झालेलं असेल तेव्हा ते तिथं होतं हे दाखवायला तेवढाच कागद असेल.